हवल्लीत पाहिलेली इटली

कुवेतला आल्यावर मी पहिला सिनेमा पाहिला तो इटलीचा, आणि तो मला मुळीच आवडला नाही.

बोटीतून उतरून फार दिवस झाले नव्हते. ह्यांना वाटलं, बायको खोलीत बसून कंटाळली असेल, तिला जरा बाहेर न्यावं. थिएटर नवं होतं आणि कुटुंबांसाठी वरची बाल्कनी वेगळी होती. पडद्यावर एक धिप्पाड माणूस. अंगावर कापड म्हणाल तर कमरेपुरतं. तो सिंहाशी झुंजला, मग राजाच्या शिपायांशी झुंजला, आणि शेवटी कैद्यांना सोडवायला त्यानं एक दगडी खांब मुळापासून उपटून किल्ल्याच्या दरवाजावर फेकला. खाली पुरुषांच्या गर्दीत शिट्ट्या वाजल्या. हे एका बांधकाम कंपनीच्या सिमेंटच्या गोदामावर स्टोअरकीपर होते. माझ्याकडे वाकून ते म्हणाले, खांब प्लास्टरचा आहे, पडल्यावर भुगा कसा उडाला बघ. माझं लक्ष भुग्याकडे नव्हतं. मी बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत होते.

परत येताना टॅक्सीत त्यांनी विचारलं, आवडला का. मी म्हटलं, त्या माणसाला त्याच्या आईनं काही नेसायला शिकवलं नाही का. हे इतके हसले की ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं. लग्नाला आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती, आणि ह्यांना असं मोकळेपणी हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

त्याला कारण होतं. आमचं गाव दाभोळच्या खाडीच्या काठावर. तिथल्या बहुतेक घरांतले पुरुष एक तर बोटीवर किंवा आखातात. लग्न झालं आणि वर्षाच्या आत हे कुवेतला गेले. दर दोन-तीन वर्षांनी रजेवर यायचे, दोन महिने राहायचे, त्यातला निम्मा वेळ लोकांकडे जेवणावळीत जायचा. मधल्या एका रजेनंतर आम्हाला मुलगी झाली. मग साठ साली ह्यांना हवल्लीत दोन खोल्या मिळाल्या आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती गावाला माझ्या सासूबाईंजवळ राहिली. इथला उन्हाळा, इथलं पाणी, शाळेचं काय, असा सगळ्यांनी विचार केला होता आणि तो सगळ्यांना शहाणपणाचा वाटला होता. मलाही वाटला होता. घरात आम्ही आमची कोकणी बोलायचो. इथे लिहिताना ती शाळेतल्या मराठीत उतरते आहे, कारण मी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले आणि लिहायचं म्हटलं की हात तिकडेच वळतो.

हवल्ली तेव्हा अर्धी वाळू आणि अर्धी नवी घरं अशी होती. आमच्या दुमजली घरात खाली दोन बिऱ्हाडं, वर दोन. आमच्या समोरच्या दारात एक इटालियन जोडपं राहायचं. नवरा ह्यांच्याच कंपनीत होता, नव्या शाळांमधून आणि इस्पितळांमधून मोझेइकच्या फरश्या घालायचा. बायको पन्नाशीची, ठेंगणी, केस घट्ट बांधलेली. मी तिला सिन्योरा, म्हणजे बाई, म्हणायचे, तीही मला सिन्योरा म्हणायची, आणि सुरुवातीचे बरेच दिवस आमचं बोलणं तेवढ्यावरच थांबायचं. वरच्या मजल्यावर एक पॅलेस्टिनी शिक्षिका आपल्या भावाबरोबर राहत होती. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, इंग्रजी चांगलं बोलायची, आणि मला उख्ती, म्हणजे माझी बहीण, अशी हाक मारायची.

आम्हा तिघींना एकत्र आणलं ते सिनेमानंच. शिक्षिकेला सिनेमाचं वेड होतं. लहानपणी पॅलेस्टाईनमधल्या याफा शहरात ती वडिलांबरोबर दर आठवड्याला जायची, असं तिनं एकदा सांगितलं. लढाईत सुटलेल्या याफाबद्दल त्याहून जास्त ती कधी बोलली नाही. इथे भाऊ तिला एकटीला जाऊ देईना, आणि त्याला स्वतःला वेळ नसायचा. गुरुवारी तिची शाळा लवकर सुटायची. ती खाली आली आणि मला म्हणाली की आपण दोघी जाऊ. मी ह्यांना विचारलं. ह्यांनी जरा विचार करून सांगितलं की समोरच्या सिन्योराला पण न्या, तिघी असलात तर कोणी काही बोलणार नाही. इटलीचा सिनेमा लागला होता म्हणून सिन्योरा तयार झाली.

बाल्कनीत आमच्या बसायच्या जागा ठरून गेल्या. मधे मी, उजवीकडे शिक्षिका, डावीकडे सिन्योरा. पडद्यावरची माणसं इटालियन बोलायची, ते सिन्योराला कळायचं. पडद्याच्या तळाशी अरबी ओळी उमटायच्या, त्या शिक्षिका वाचायची. मला दोन्ही येत नव्हतं, माझं आणि सिन्योराचं चालायचं ते तोडक्यामोडक्या इंग्रजीवर. अरबी अक्षरं मात्र ओळखीची होती. लहानपणी मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडे कुराण वाचायला शिकले होते. पण त्या अक्षरांवर झेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, असायचे आणि इथल्या ओळी अगदी बोडक्या. मी हळू आवाजात चुकीचं काहीतरी वाचायची, शिक्षिका ते सुधारायची आणि इंग्रजीत अर्थ सांगायची, आणि सिन्योरा दुसऱ्या बाजूनं माझ्या हातावर चापटी मारून म्हणायची की तो माणूस असं म्हणालेलाच नाही. अशा गडबडीत निम्मा सिनेमा निघून जायचा. मग मी दोघींचं ऐकणं सोडलं आणि चेहऱ्यांकडे बघायला लागले. माझी जी काही मतं झाली ती तिथून झाली.

त्या वर्षी पाहिलेला एक काळापांढरा सिनेमा मला अजून आठवतो. एका कुटुंबाला नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जागा मिळते, पण जिन्याला कठडा बसवलेला नसतो आणि नळाला पाणी नसतं. घरात एक आंधळा आजोबा. त्याला ते खुर्चीत बसवून वर नेतात आणि मग तो खाली यायचाच नाही म्हणतो. त्यात घरातली बाई भाजी धुते, त्याच पाण्यात फडकं बुडवून जमीन पुसते, आणि उरलेलं पाणी खिडकीतल्या डब्यातल्या रोपाला घालते. एवढंच. कोणी त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. मी सरळ होऊन बसले. हे ज्यानं काढलं त्याच्या आईनं लांबून पाणी आणलेलं असणार, असं मला वाटलं. मुंबईला बोटीची वाट बघत असताना मी एक-दोन हिंदी सिनेमे पाहिले होते. त्यातली गरीब बाई इस्त्रीचं लुगडं नेसून रडायची. ह्या बाईच्या अंगावरचा झगा पाठीला घामानं चिकटलेला होता.

बाहेर आल्यावर आमचं तिघींचं एकमत झालं नाही. शिक्षिकेचं म्हणणं, हे सगळं खरं आहे पण अपुरं आहे, त्या माणसांची ही दशा कोणी केली ते सिनेमानं सांगायला हवं होतं. सिन्योरा चिडली होती. आमचे घाणेरडे जिने परक्या देशात दाखवायची काय गरज होती, असं ती म्हणाली. मला तिचं कळलं. आमच्या गावात पाहुणे आले की सासूबाई आधी फाटकी गोधडी उचलून आत टाकायच्या. पण मला त्या सिनेमातलं एक खटकलं होतं, ते मी सांगितलं. ती माणसं फार बोलतात. दोन्ही हातांनी बोलतात, एकमेकांच्या अंगावर जाऊन बोलतात. घरात धान्य कमी झालं की आमच्याकडे पहिल्यांदा बोलणं कमी होतं. शिक्षिकेनं ते सिन्योराला समजावून सांगितलं. सिन्योरा म्हणाली की तिच्या डोंगरातल्या गावातही तसंच होतं, बोलतात ते दक्षिणेकडचे लोक.

पुढच्या दोन वर्षांत इटलीचे सिनेमे बदलत गेले आणि आमच्या डोळ्यांसमोर कुवेतही. रुपये जाऊन दिनार आले, आमच्या गल्लीत डांबर पडलं, ह्यांच्या गोदामातलं सिमेंट यायच्या आधीच संपायला लागलं. पडद्यावर आता काळे चष्मे लावलेल्या बायका दिसायला लागल्या. त्या मोठ्या गाड्यांतून फिरायच्या, समुद्राकडे बघत उभ्या राहायच्या, आणि कोणाला काही काम नसायचं. असल्या सिनेमांत सिन्योरा सरळ झोपायची. ह्या बायकांना चार बादल्या कपडे धुवायला द्या, म्हणजे बऱ्या होतील, असं तिचं मत होतं. शिक्षिकेला ते सिनेमे फार उंचीचे वाटायचे. माझं म्हणणं दोघींपेक्षा वेगळं होतं. रिकामपण काही श्रीमंतांचीच मिरास नाही. मी इथे आले तेव्हा हे सकाळी सहाला जायचे. दोन खोल्या झाडून झाल्या, दोघांपुरता भात आणि जुबैदीचं कालवण झालं, की दिवस संपत नसे. पापलेटला इथे जुबैदी म्हणतात, हे माशाच्या बाजारात शिकले ते सोडलं तर त्या महिन्यांत मी नवीन काही शिकले नाही. खिडक्या वाळूसाठी बंद, पंखा चालू, आणि मी भिंतीकडे बघत बसलेली. गावाला माझ्याभोवती दिवसभर माणसं होती. पडद्यावरच्या बाईनं खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारली आणि खिडकीची दोरी उगीच हाताळली, तेव्हा मला वाटलं, हिला कोणीतरी विचारलं पाहिजे की बाई, तुझं कोण लांब राहिलंय. सिनेमात तिला कोणी ते विचारलं नाही, आणि माझी त्या सिनेमावरची तक्रार तेवढीच होती.

मग तो खाणीचा सिनेमा आला. बकरी ईदची सुट्टी होती म्हणून हेही आमच्याबरोबर आले, सिन्योराचा नवराही आला. गोष्ट साधी होती. डोंगरातलं गाव. नवरा परदेशात कोळशाच्या खाणीत. बायको सासूजवळ, शेळ्या राखते, मुलगा वाढवते. वर्षं जातात. मग एक दिवस आगगाडी येते, नवरा उतरतो, आणि बायको फलाटाच्या त्या टोकापासून धावत सुटते. हातातली टोपली पडते, डोक्यावरचा रुमाल उडतो, आणि ती त्याच्या गळ्यात पडते. वाजंत्री इतकी मोठी वाजते की कान बंद करावेत. सिन्योरा हुंदके देऊन रडत होती. तिचा एक मुलगा खरोखरच बेल्जियमच्या खाणीत होता, दुसरा स्वित्झर्लंडमध्ये. शिक्षिकेनंही डोळे पुसले. माझे डोळे कोरडेच राहिले. मला रागच आला होता.

सिनेमानंतर सिन्योरानं सगळ्यांना कॉफीला थांबवलं. सगळे कसा छान सिनेमा म्हणत होते. माझ्याकडे कोणी बघितलं नसतं तर मी गप्प राहिले असते. पण शिक्षिकेनं विचारलं, उख्ती, तू काही बोलली नाहीस. मी म्हटलं, शेवट खोटा आहे. अशी कोणी धावत नाही.

सिन्योराच्या नवऱ्याला वाटलं मी लाजेबद्दल बोलते आहे, आमच्याकडे बायका चारचौघांत धावत नाहीत म्हणून. मी म्हटलं, तसं नाही, मनातूनही धावत नाही. इतकी वर्षं जिचा नवरा लांब आहे तिला आधी राग येतो, नाही तर भीती वाटते. धावणं नंतर, आठ दिवसांनी, जमलं तर. सिनेमा काढणाऱ्याला खाणीतला माणूस कळला, पण घरी राहिलेल्या बाईला त्यानं विचारून बघितलं नाही. माझ्या तोडक्या इंग्रजीत हे एवढं लांब वाक्य मी कसं सांगितलं कोण जाणे. सिन्योरानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या नवऱ्याकडे वळून ती इटालियनमध्ये काहीतरी म्हणाली. तो गुडघे चोळत राहिला. फरश्या घालून त्याचे गुडघे कायम दुखायचे. 

संध्याकाळी आम्ही गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलो. हे कधी येत नसत, त्या दिवशी आले. बनेद अल-गारच्या किनाऱ्याकडून येणारा समुद्रावरचा वारा तेव्हा हवल्लीपर्यंत लागायचा. घडी घातलेली चादर हातात धरून त्यांनी विचारलं, "मी पहिल्या रजेला आलो तेव्हा तू कुठे होतीस? मी पडवीत बसलो होतो. सगळा गाव भेटून गेला. तू दिसलीच नाहीस."

मी सांगितलं की लाँचचा भोंगा ऐकला तशी मी मागच्या दारी गेले आणि नारळाच्या सोडणांच्या ढिगाशेजारी बसून राहिले.

"का?"

"तुमचा चेहरा आठवत नव्हता. समोर आलात आणि ओळखता आलं नाही तर काय करायचं, म्हणून."

हे कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. मी उशांचे अभ्रे काढत होते. आता सुरू झालंच होतं म्हणून मी बाकीचंही सांगितलं. दुसऱ्या रजेला मुलगी मला विचारायची, हा पाहुणा परत कधी जाणार. मी तिला दटावायची, आणि हे जवळ आले की ती माझ्या मागे लपायची तेव्हा वाटायचं, हे निघायच्या आत एकदा तरी ती ह्यांच्याकडे जाऊ दे. ह्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही त्या वर्षांबद्दल कधी बोललोच नव्हतो. बोलायला काही कारण झालं नव्हतं.

ते वळून म्हणाले, "आता ती तुला पाहुणी समजेल."

मी अभ्रे टोपलीत टाकले. हे मी रोज मनात म्हणत होते, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून बसले. तेही शेजारी बसले. तिला आणू या, असं त्यांनी म्हटलं की मी म्हटलं, हे आता आठवत नाही. बहुतेक दोघांनी एकदमच म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर जाऊन शिक्षिकेला शाळेबद्दल विचारलं. शहरात हिंदुस्थानी मुलांसाठी शाळा सुरू झाली आहे आणि तिची बस हवल्लीत येते, हे तिला माहीत होतं. मी दोन वर्षं त्याच गल्लीत राहत होते आणि ती बस रोज पाहत होते, पण ती माझ्या उपयोगाची असेल असं मनात आलं नव्हतं. सासूबाई काय म्हणतील याची धास्ती होती. त्यांनी उलट कळवलं की पोरगी रोज शाळेतून आली की खाडीच्या धक्क्यावर जाऊन बसते, तिला लवकर न्या. धाकटी नणंद मुलांसह त्यांच्याजवळ राहायला आली, म्हणून त्याही एकट्या पडल्या नाहीत.

खेडकडचं एक कुटुंब कुवेतला येत होतं, त्यांच्याबरोबर मुलगी बोटीनं आली. आम्ही धक्क्यावर उभे होतो. मी मनाची तयारी करून गेले होते, आणि माझा अंदाज बरोबर निघाला. ती धावली नाही. आठ वर्षांची झाली होती, वेण्या घट्ट, अंगात नवा फ्रॉक. तिनं मोठ्या माणसाला करावा तसा आम्हा दोघांना सलाम केला आणि दादीनं कोकमं दिली आहेत म्हणून हातातली पिशवी पुढे केली. मी पिशवी घेतली. तिला जवळ ओढलं नाही, नुसती तिच्या शेजारून चालू लागले. पुढे बरेच दिवस ती मला कुठलीच हाक न मारता बोलायची. पाणी हवं असेल तर पाणी हवंय म्हणायची. हे कासावीस व्हायचे, खेळणी आणायचे. मी त्यांना म्हणायची, थांबा जरा.

महिन्याभरानं थिएटरात पुन्हा तो दांडगेश्वर आला. तोच नट की दुसरा, मला सांगता येणार नाही, सगळ्यांचे दंड सारखेच. सिन्योरा यायला तयार नव्हती. असले सिनेमे म्हणजे आमच्या देशाचं हसं, असं ती म्हणाली. हे, मी आणि मुलगी, आम्ही तिघंच गेलो. मुलगी मधे बसली. त्या माणसानं डोंगरकड्यावरून कोसळणारी शिळा पाठीवर झेलली तेव्हा तिनं श्वास रोखला आणि माझा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला. शिळा बाजूला पडली, तो माणूस उठला, तरी तिनं हात सोडला नाही. पुढे एका राक्षसाला त्यानं विहिरीत टाकलं तशी ती इतकी खदखदून हसली की तिला ठसका लागला. "आई, बघितलंस?" असं ती म्हणाली. ह्यांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडेच बघत राहिले.

त्या दिवसापासून त्या सिनेमांबद्दलचं माझं मत मी बदललं आणि सिन्योराला तसं सांगितलं. तो माणूस खोटा आहे, खांब खोटे आहेत, समुद्र तर रंगवलेला आहे. पण तो कधी दुबळ्याला मारत नाही, आणि एवढी ताकद असून बायकांसमोर आला की त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. लहान मुलांना असा बळकट माणूस बघू द्यावा. सिन्योरा म्हणाली की तिचे मुलगेही लहान असताना असलंच काहीतरी बघायला गावातल्या चर्चच्या अंगणात पळायचे. मग ती आत गेली आणि मुलीसाठी बडीशेपेची बिस्किटं घेऊन आली. दर गुरुवारी आता आम्ही चौघी जाऊ लागलो. कुठला सिनेमा मुलीनं पाहू नये ते शिक्षिका आधीच विचारून ठेवायची.

सिन्योरा आणि तिचा नवरा चौसष्ट साली परत गेले. त्याचे गुडघे आता वाकत नव्हते. मोठा मुलगा खाणीतून बाहेर पडला होता, त्यानं घराजवळच्या शहरात मोटारींच्या कारखान्यात नोकरी धरली होती, म्हणून ती आनंदात होती. जायच्या आधी तिनं मला तिकडच्या टेलिव्हिजनचं सांगितलं. त्यांच्या गावात एकच टीव्ही, तो कॉफीच्या दुकानात. संध्याकाळी म्हाताऱ्या बायका घरून आपापल्या खुर्च्या उचलून घेऊन जातात आणि गाण्यांच्या स्पर्धेत कोण जिंकावं यावरून भांडतात. तीही आता खुर्ची घेऊन जाणार होती. आणि मुलाबद्दल तिनं जाता जाता एक गोष्ट सांगितली. तो घरी येईल तेव्हा मी दारात धावत जाणार नाही, त्याला आधी खायला घालीन, मग बघू. ती हसत होती.

आमच्याकडे टीव्ही आला तो त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं. कुवेतच्या टीव्हीवर बहुतेक इजिप्तची नाटकं आणि बातम्या असायच्या, पण अधूनमधून एखादा इटालियन सिनेमाही लागायचा. घरात बसून सिनेमा बघणं मला सुरुवातीला रुचलं नाही. चेहरे लहान दिसायचे, मधेच दाराची कडी वाजायची, आणि बाल्कनीतल्या अंधारात जसं एकटक बघता येतं तसं इथे येत नसे. पण एक झालं. हवल्लीत तोवर रत्नागिरी-रायगडकडच्या आमच्या लोकांची बरीच बिऱ्हाडं झाली होती. काही जणींना त्यांच्या घरून थिएटरात जायची परवानगी नव्हती. शेजारणीच्या घरी टीव्ही बघायला कोणाची हरकत नव्हती.

एका शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर सहा-सात जणी आल्या. मी सतरंजी अंथरली, सांदणं केली होती ती मधे ठेवली. सिनेमा हलकाफुलका होता. एका लहान गावातला न्हावी, चाळिशी उलटलेला, लग्नाला तयार नाही, आणि त्याची आई व मावशी मिळून त्याच्यासाठी मुलगी बघतात. शेवटी तो शेजारच्याच विधवेशी लग्न करतो, जिच्याकडे तो इतकी वर्षं रोज दाढीचं गरम पाणी मागायला जात असतो. वरची शिक्षिका माझ्या मुलीला रोज संध्याकाळी अरबी शिकवायची. मुलगी आता बारा वर्षांची होती, ती खालच्या ओळी भराभर वाचून आमच्या कोकणीत सांगत होती. कुठे शब्द अडला की इंग्रजी घालायची, आणि बायका तिला सांभाळून घ्यायच्या.

सिनेमा संपला आणि खोलीत शांतता. मला वाटलं, ह्या बायकांना आवडला नाही. मी चहा टाकायला उठले. तेवढ्यात एक नवी नवरी होती, हर्णैकडची, इथे येऊन दोन महिने झालेली, आल्यापासून कोणाशी धड बोलली नव्हती. ती सतरंजीची किनार हातात धरून म्हणाली, "तो न्हावी चांगला आहे. पण त्याला सगळं उशिरा ऐकू येतं. ती बाई पहिल्या दिवसापासून सांगत होती."

"कुठे सांगत होती?" दुसरीनं विचारलं. "ती तर काहीच बोलली नाही."

"पाणी किती वेळ गरम करायची बघितलं नाहीत?"

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली, आईनं मुलाला डोक्यावर चढवून ठेवलं होतं. दुसरीला त्या मावशीची बाजू पटत होती. तिसरीनं मुलीला विचारलं की विधवा शेवटी दारात काय म्हणाली ते पुन्हा सांग, आणि मुलगी पुन्हा सांगू लागली. हर्णैची नवरी आता गुडघ्यांवर उठून बसली होती आणि हातवारे करून दुसरीला काहीतरी समजावत होती. मी स्वयंपाकघरात चहाला आलं किसत होते आणि तिथूनच सगळं ऐकत होते. वरून शिक्षिका जिना उतरत आली, एवढा गलका कसला म्हणून. मी तिच्यासाठी एक कप जास्त मांडला.